फ्लॅपचा बझर

आमच्या विमानात बसायला गेलात तर पट्टा बांधायच्या आधी समोर एक पाटी दिसते. तिचा मथितार्थ असा, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांना लागू असलेले सरकारी सुरक्षा-नियम ते पाळत नाही. ही पाटी लावणं कायद्याने सक्तीचं आहे. शिवाय आत शिरतानाच 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. माझी बायको पहिल्यांदा बसली तेव्हा तिने पाटी दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि "विमा भरलाय ना?" एवढंच विचारलं.

'आमचं' म्हणजे निम्मं माझं. उरलेलं निम्मं, आणि खरं तर सगळंच, आजोबांचं. आजोबा म्हणजे माझे कोणी नात्यातले नव्हेत. हे ओहायोतले एक निवृत्त टूल-मेकर, वय ७६. अमेरिकेत सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, मीही मारतो. पण मनात मात्र कायम 'अहो आजोबा'च. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे ही लबाडी कुणाला कळत नाही. पुढे तिच्यामुळेच गोची झाली, ती सांगतोच.

आजोबांनी हे विमान घराच्या गराजमध्ये नऊ वर्षं खपून बांधलं. दोन माणसांचं, पंख खाली असलेलं, अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेलं, ११८ हॉर्सपॉवरचं. अमेरिकेत असं करता येतं. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असलं, की सरकारी तपासनीस कागदपत्रं आणि विमान बघून परवाना देतो. नंतर त्यात फेरफार करायलाही फारसं कोणाला विचारावं लागत नाही. मोठा बदल असेल तर पुन्हा चाचणी-उड्डाणं करायची, छोटा असेल तर लॉगबुकात नोंद करायची. हा सगळा भाग डेटनच्या आसपासचा. राइट बंधूंचं सायकलचं दुकान डेटनचंच आणि किटी हॉकनंतर १९०४-०५ मध्ये त्यांनी वळणं घेण्याचा सराव केला तो इथल्याच कुरणावर. त्यामुळे गराजमध्ये विमान बांधणाऱ्या माणसाला इथे कोणी वेडा म्हणत नाही. कराडला म्हटलं असतं.

आता फ्लॅप म्हणजे काय ते थोडक्यात. विमानात खिडकीजवळ बसला असाल तर उतरताना पंखाची मागची कड घूं घूं आवाज करत खाली झुकलेली पाहिली असेल. ती म्हणजे फ्लॅप. ती झुकली की कमी वेगातही पंख विमान उचलून धरतो. पण फुकट काही मिळत नाही. पहिल्या निम्म्या झुकावात उचल जास्त मिळते, पुढच्या निम्म्यात मुख्यतः हवेचा अडथळा वाढतो. उतरताना तो अडथळा हवाच असतो, कारण उतारावर ब्रेक लागतोच. उडताना मात्र पूर्ण फ्लॅप म्हणजे छत्री उघडी ठेवून घाट चढण्यासारखं. आमच्या विमानात फ्लॅप चाळीस अंशांपर्यंत जातो, उड्डाणाला आम्ही दहा वापरतो.

तर झालं असं. गेल्या वर्षी जुलैत एका शनिवारी आम्ही एका शेतातल्या गवताच्या पट्टीवर उतरलो. दोन्ही बाजूंना मका, टोकाला मेपलची उंच झाडं, ऊन मी म्हणत होतं. पाणी प्यायलो आणि परत निघालो. आजोबा विमान पट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेत होते आणि मी त्यांना स्पार्क प्लगबद्दल काहीतरी विचारत होतो. ते उत्तर देत होते, माझ्या प्रश्नातून दुसरा प्रश्न निघत होता. त्या गप्पांत उतरतानाचा पूर्ण फ्लॅप तसाच राहिला.

पूर्ण फ्लॅपवर विमान सुरुवातीला फसवतं. जमिनीवरून लवकर उचललं जातं, वाटतं वा, आज काय हलकं उठलंय! आणि मग वर जातच नाही. नाक खाली, इंजिन पूर्ण ताकदीने ओरडतंय आणि झाडं मात्र आहेत त्याच उंचीला. मी उजवीकडे बसलो होतो. मान वळवून मागे पाहिलं. फ्लॅप पूर्ण खाली.

आणि मी गप्प बसलो.

नंतर पुष्कळदा मनात मोजून पाहिलंय, सहा-सात सेकंद तरी असतील. पहिला विचार आला तो असा, की यांना माहीत असेल, गवतावरून उडायची यांची काही वेगळी रीत असेल. दुसरा विचार, की ५१ वर्षं विमान उडवणाऱ्या माणसाला मी, जेमतेम १४० तासांचा पायलट, काय सांगणार? वडीलधाऱ्यांची चूक काढायची तर आधी घसा खाकरायचा, मग आडवळणाने विषय काढायचा, ही शिकवण अंगात इतकी मुरलेली, की झाडं समोर दिसत असताना मी वाक्याची जुळवाजुळव करत होतो! शेवटी तोंडातून निघालं तेही प्रश्नार्थक: "फ्लॅप...?"

आजोबांनी हात झटकन स्विचवर नेला, पण फ्लॅप एकदम वर घेतला नाही. ते महत्त्वाचं. इतक्या कमी वेगात फ्लॅप एकदम काढला तर उचल जाते आणि विमान खाली बसतं. त्यांनी थोडा घेतला, थांबले, नाक जरासं खाली करून वेग येऊ दिला, पुन्हा थोडा घेतला. झाडं खालून गेली. किती खालून, ते बायको हे वाचते म्हणून लिहीत नाही.

घरी परतेपर्यंत कोणी बोललं नाही. हँगरमध्ये विमान ढकलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला आधीच दिसलं होतं ना?"

"हो."

"पुढच्या वेळी ओरड. शिवी दिलीस तरी चालेल."

मी मान डोलावली. पण मला माझा भरवसा नव्हता. म्हणून आठवड्याभराने मी बझरचा विषय काढला. अर्थात आडवळणाने.

आजोबांना ते लागलं. त्यांचं म्हणणं, विसरभोळ्यांसाठी यंत्रं लावायला लागलो की माणूस आणखी विसरतो. मी म्हटलं, मोठ्या विमानांत असतंच की. तर त्यांनी मलाच विचारलं, "मग डेट्रॉइटला काय झालं?" म्हातारबांचा अभ्यास पक्का. १६ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइटहून उडालेल्या एमडी-८२ चे फ्लॅप पंखातच राहिले होते. आमच्या नेमकी उलट चूक, पण मूळ तेच: धावपट्टीकडे जाताना करायची तपासणी झाली नाही. विमानात धोक्याची सूचना देणारी यंत्रणा होती, पण तिला वीजच मिळत नव्हती. का, ते चौकशीतही ठरवता आलं नाही. जमिनीवरच्या दोघांसह १५६ माणसं गेली, विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. एकवीस वर्षांनी, २० ऑगस्ट २००८ ला माद्रिदमध्ये तशाच एमडी-८२ चं पुन्हा तेच: फ्लॅप आत, सूचना मुकी, १५४ मृत्यू. म्हणजे बझर असणं आणि बझर वाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन आठवडे हा विषय निघाला नाही. मग एका शनिवारी आजोबा हँगरमध्ये आले ते हातात अॅल्युमिनियमची एक छोटी कंगोरेदार पट्टी घेऊन. मायक्रोस्विच बसवायला, भोकं पाडून, कडा घासून गुळगुळीत केलेली. "हा तुझा स्विच इथे बसेल," म्हणाले. झालं, परवानगी मिळाली.

इथे एक कबुली द्यायला हवी. माझी डॉक्टरेट याच विषयातली आहे, म्हणजे यंत्रांच्या कंपनांवरून बिघाड ओळखणे आणि खोटी सूचना टाळणे. एका कारखान्यात कामगारांनी अलार्मच्या भोंग्यात चक्क फडकं कोंबलेलं मी पाहिलंय, कारण तो दिवसभर उगाच वाजायचा. आपल्याकडे पुण्यात गाड्या मागे घेताना गाणी वाजतात, त्याने कोणी बाजूला होतं का? उलट वैताग येतो. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी पहिली आवृत्ती मी केली ती मायक्रोकंट्रोलरवर. वेग, थ्रॉटल, फ्लॅपचा कोन, इंजिनाचे फेरे, सगळं वाचणारी. तीन शनिवार घालवले. लॅपटॉपवर आजोबांना ती चौदा अवस्थांची आकृती अभिमानाने दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिली आणि विचारलं, "तू इंडियात परत गेलास तर हे दुरुस्त कोण करणार?"

या प्रश्नाचा पूर्वार्ध आमच्या घरी दर दिवाळीला निघतो आणि त्याला आमच्याकडे उत्तर नाही. उत्तरार्धाला मात्र उत्तर होतं. मी मायक्रोकंट्रोलर काढून टाकला.

दुसरी आवृत्ती कोणत्याही डिप्लोमावाल्याला बघून समजेल अशी. फ्लॅप फिरवणाऱ्या नळीवर एक मायक्रोस्विच, वीस अंशांच्या पुढे फ्लॅप गेला की दबणारा. थ्रॉटलच्या दांडीवर दुसरा, पूर्ण उघडला की दबणारा. दोन्ही दबले तर बझर. वायरिंगला स्वतःचा एक अँपिअरचा फ्यूज आणि फ्लॅपच्या मोटरशी कुठेही संबंध नाही. आमच्या यंत्रणेने फक्त बघायचं, कशाला हात लावायचा नाही. नवीन विमानांत डिजिटल पडदे असतात, त्यात अशा सूचना सेटिंगमध्ये टिकमार्क करून मिळतात. आमच्या समोर मात्र अजून घड्याळासारखे गोल काटेच.

पण लगेच एक अडचण. उतरताना काही बिनसलं तर लँडिंग सोडून पुन्हा वर जायचं असतं, त्याला गो-अराउंड म्हणतात. तेव्हा पूर्ण फ्लॅप खाली असतो आणि पूर्ण थ्रॉटल द्यावाच लागतो. म्हणजे पायलट सगळ्यात गडबडीत असताना, काहीही न चुकता, कानात बझर! आणि घाबरून त्याने फ्लॅप एकदम वर घेतला तर आम्हीच त्याला खाली पाडणार. मोठ्या विमानांत चाकं जमिनीवर आहेत की नाहीत हे सांगणारा स्विच असतो, हवेत गेल्यावर ती सूचना बंद होते. आमच्याकडे तो नाही. शिवाय आम्हाला सूचना हवेतही हवी होती, कारण आमची चूक हवेतच लक्षात आली होती.

यावर तोडगा आजोबांचा. ते सीटवर बसले, डोळे मिटले आणि मला घड्याळ लावायला सांगून गो-अराउंडची सगळी कृती हवेत हात फिरवून केली: थ्रॉटल, नाक, फ्लॅपचा पहिला टप्पा. दहा वेळा. दर वेळी साडेतीन ते चार सेकंद. मग ठरलं, पाच सेकंद थांबून बझर वाजवायचा. ज्याला आठवण आहे त्याचा फ्लॅप तोवर वीसवर आलेला असेल आणि त्याला काहीच ऐकू येणार नाही. उड्डाणाच्या वेळी पाच सेकंदांत विमान अजून जमिनीवरच असतं, थांबता येतं. पाच सेकंद मोजायला एक ५५५ टायमर, आवाज काढायला दुसरा. हो, तोच, ज्याच्यावर आपण सगळ्यांनी कॉलेजात लुकलुकणारे दिवे केले होते.

दुसरा धोका वेगाचा. पूर्ण फ्लॅप खाली असताना ताशी १०० मैलांच्या वर जायचं नाही. हवेचा दाब वेगाच्या वर्गात वाढतो, १३० ला गेलात तर फ्लॅपवरचा भार १.६९ पट. त्यासाठी हवेच्या दाबावर चालणारा स्विच लागतो, आणि तो वेगमापकाच्याच नळीला टी-जोड देऊन बसवावा लागतो. आजोबांनी त्याला आधी साफ नकार दिला. बरोबरच होतं. जोड गळका निघाला तर वेगमापक कमी वेग दाखवणार, म्हणजे सूचनेच्या नादात मूळ यंत्रच खोटं बोलणार. शेवटी गळती तपासूनच पुढे जायचं ठरलं. ती अशी करतात: बाहेरच्या पिटो नळीवर रबरी ट्यूब चढवायची, दुसरं टोक बंद करून ती हळूहळू गुंडाळत न्यायची, आत काटा १०० वर आला की थांबायचं. काटा मिनिटभर हलला नाही तर जोड पक्का.

आणि स्विच लावायचा कुठल्या वेगाला? इथे मला कराड आठवलं. आमचं घर बांधताना गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतींची लेव्हल काढायचा, मी एक टोक धरून उभा असायचो. तीच नळी इंग्रजी यू आकारात वाकवून फळीवर ठोकली, पाण्यात घरातला जिलबीचा केशरी रंग घातला. ताशी १०० मैल म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांत साडेबारा सेंटीमीटरचा फरक, ९५ म्हणजे साधारण सव्वाअकरा. आम्ही ९५ ला लावला. आजोबा त्या केशरी पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग "हे तुम्ही घर बांधायला वापरता?" असं विचारून त्यांनी गवंडीकामाची सगळी माहिती काढून घेतली. तो शनिवार त्यातच गेला.

दोन्ही धोक्यांना एकच बझर जोडून मी मोकळा होणार होतो. पण घरी आमचा मायक्रोवेव्ह, डिशवॉशर आणि ड्रायर तिघंही एकाच सुरात पीं-पीं करतात आणि बायको दर वेळी चुकीच्या यंत्राकडे जाते. तिची चिडचिड ऐकताना मला हेलिऑसचं विमान आठवलं. १४ ऑगस्ट २००५, सायप्रसहून अथेन्सला निघालेलं बोइंग ७३७. आतला हवेचा दाब कमी होतोय हे सांगणारा भोंगा वाजला, पण जमिनीवर फ्लॅप वगैरे चुकले तर वाजतो तोही भोंगा तोच होता. वैमानिकांना वाटलं, सूचना खोटी आहे. प्राणवायूअभावी वैमानिकांसह जवळजवळ सगळे बेशुद्ध झाले, १२१ माणसं गेली. म्हणून आमच्याकडे वेगासाठी आवाज नाहीच, वेगमापकाशेजारी पिवळा दिवा लुकलुकतो. आवाजाचा अर्थ एकच, फ्लॅप.

मग आवाजाची चाचणी. इंजिन सुरू, दोघांच्या कानावर हेडसेट, मी बझर लावला. मला बारीक, पण ऐकू आला. आजोबा वाट बघत बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, "हं, लाव आता."

तो तेव्हा वाजतच होता.

मी इंजिन बंद केलं. बझर अजून चालू होता, त्या शांततेत चांगलाच कर्कश. त्यांनी हेडसेट काढला, कान त्याच्याकडे नेला आणि मग त्यांना कळलं. ते काही बोलले नाहीत. मीच घाईघाईने सांगायला लागलो, की हे बझर तीन हजार हर्ट्झच्या आसपास वाजतात, हेडसेट आवाज अडवतो, आणि वयाबरोबर उंच पट्टीतलं ऐकू येणं आधी कमी होतं, सगळ्यांचंच. "सगळ्यांचंच," ते म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठले. पॅनेलवरचा बझर काढला, टायमरचा सूर सातशे हर्ट्झपर्यंत खाली आणला आणि तो सरळ इंटरकॉममधून हेडसेटमध्ये सोडला. आता कान भरून ऐकू येतो. सुराऐवजी त्यांच्या बायकोच्या आवाजात 'फ्लॅप!' असं रेकॉर्ड करावं, ही माझी सूचना त्यांनी फेटाळली. म्हणाले, तो आवाज दुर्लक्षित करायची मला ४८ वर्षांची सवय आहे.

डेट्रॉइटची आठवण ठेवून आणखी एक गोष्ट केली. मेन स्विच चालू केला की बझर एकदा आपोआप वाजतो. वाजला नाही, तर तो मेलेला आहे हे उडायच्या आधी कळतं. आमच्या चेकलिस्टमध्ये आता तशी ओळ आहे, आजोबांच्या ठसठशीत अक्षरात. सामानाचा सगळा खर्च चाळीस डॉलरच्या आत, वेळ मात्र सात शनिवार.

हिवाळाभर बझर चाचणीशिवाय वाजला नाही. मला मनातून वाटायचं, आता आजोबांच्या हातून एकदा तरी... असो. असे विचार करू नयेत.

एप्रिलमध्ये आमच्याच धावपट्टीवर मी उतरण्याचा सराव करत होतो, आजोबा उजवीकडे. चौथ्यांदा उतरलो, वारा आडवा होता, विमान सरळ ठेवण्यात सगळं लक्ष. पुन्हा उडायला थ्रॉटल पुढे ढकलला. विमान धावू लागलं. आणि कानात टूं-टूं-टूं सुरू झालं.

मी खरंच क्षणभर पॅनेलकडे पाहिलं, की बिघडला की काय हा! मग मागे वळून पाहिलं. थ्रॉटल ओढला, ब्रेक लावले, पट्टीच्या कडेला येऊन थांबलो. आजोबा समोर शेताकडे बघत होते. हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले.

"तुम्हाला आधीच दिसलं होतं ना?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "पाच सेकंद मोजत होतो."

संध्याकाळी हँगरमधल्या वहीत त्यांनी तारीख घालून लिहिलं: फ्लॅप वॉर्निंग, प्रत्यक्ष उड्डाणात तपासली, काम समाधानकारक. खाली 'चाचणी-वैमानिक' असं लिहून पुढे माझी सही घेतली.